बाभळीचे शास्त्रीय नाव नेमके कोणते धरावे?

माळरान:
गावातील वृक्षांची नोंदवही तयार करताना जुन्या ग्रंथांत बाभळीचे नाव ‘अकेशिया निलोटिका’ आढळते, नव्या सूच्यांत मात्र ‘व्हॅचेलिया निलोटिका’. खैरही आता ‘सेनेगेलिया कॅटेचू’ झाला आहे. रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र ‘अकेशिया’च राहिली. असे का? नोंदवहीत काय लिहावे?

अंजन:
जुन्या अकेशिया प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) तेराशेहून अधिक जाती होत्या. डीएनएच्या अभ्यासातून असे दिसले की त्या सर्व एकाच पूर्वजाच्या वंशातल्या नाहीत, म्हणून प्रजातीची विभागणी अटळ ठरली. नियमानुसार मूळ नाव ज्या गटात नमुना-जाती (प्रजातीचे नाव जिच्याशी बांधलेले असते ती जाती) असेल त्या गटाकडे राहते, आणि ही नमुना-जाती आपली बाभूळच होती. परंतु सुमारे हजार जाती एकट्या ऑस्ट्रेलियातल्या असल्याने, तेवढी नावे बदलण्यापेक्षा नमुना-जातीच बदलावी, असा प्रस्ताव 2005 मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेपुढे आला. निम्म्याहून अधिक मते विरोधात पडूनही तो फेटाळण्यासाठी लागणारी 60 टक्के मते न मिळाल्याने तो टिकला, आणि 2011 च्या मेलबर्न परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झाले. विभागणी शास्त्राला धरून झाली. नावाची वाटणी मात्र सोयीची होती, असे माझे मत आहे.

करवंद:
हा फरक झाडावरही दिसतो. बाभळीला पानाच्या बुडाशी सरळ, पांढुरके काटे जोडीने येतात आणि फुले पिवळी, गोंड्यासारखी असतात. खैराचे काटे आखूड व आकड्यासारखे वाकलेले, तर फुलोरा लांबट. ऑस्ट्रेलियन बाभळीला काटेच नसतात आणि पाने म्हणून दिसतात ते वस्तुतः चपटे झालेले देठ असतात. रोप अगदी लहान असताना खरी संयुक्त पाने पाहता येतात.

माळरान:
मनःपूर्वक आभार. मग हिवर आणि शिकेकाई?

अंजन:
हिवर ‘व्हॅचेलिया ल्युकोफ्लिया’. शिकेकाई ‘सेनेगेलिया रुगाटा’. शिकेकाईचे जातिनामही (नावातला दुसरा शब्द) जुन्या ‘कॉन्सिना’हून वेगळे आहे, हे ध्यानात असू द्यावे. नोंदवहीत आजचे मान्य शास्त्रीय नाव आधी लिहून पुढे जुने नाव समानार्थी म्हणून द्यावे, कारण वन विभागाच्या जुन्या कागदपत्रांत तेच सापडेल. शक्य झाल्यास प्रत्येक झाडाची फुला-शेंगांसह वाळवलेली फांदी, ठिकाण व तारीख लिहून जपावी. पुढे नाव पुन्हा बदलले तरी नोंद कोणत्या झाडाची आहे हे पडताळता येईल.