मदत हवी आहे: ‘सेनाइट’ला मराठीत काय म्हणू?

मंडळी, दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पत्रांचा अनुवाद करतेय आणि ‘सेनाइट’ या शब्दापाशी अडलेय. मूळ ‘सेव्हन नाइट’, म्हणजे ७ रात्री, एक आठवडा. ‘फोर्टनाइट’ त्याचाच भाऊ, १४ रात्रींचा. तो टिकला, हा वापरातून गेला. गंमत म्हणजे ते रात्री मोजायचे आणि आपण दिवस, तेही एक जास्तीचा धरून: आठवडा, पंधरवडा!

अडचण अशी की ‘मंडे सेनाइट’ म्हणजे येत्या सोमवारनंतरचा सोमवार. ‘पुढच्या सोमवारी’ लिहिलं तर निम्मे वाचक चुकीच्या दिवशी पाहुण्यांची वाट बघतील. ‘सोमवारच्या सोमवारी’ म्हणावं तर दर सोमवारी असा अर्थ होतो. तुमच्या आजीच्या बोलण्यात यासाठी नेमका शब्द होता का? (‘ओव्हरमॉरो’ सोपा गेला. परवा!)