पद्मिनीच्या फ्लोअरवर मॅट बसवताना खाली नमदा घालावा का?

प्रश्न (पद्मिनी८३)
१९८३ची प्रीमियर पद्मिनी, स्टिअरिंगवरचा गिअर, पुढे सलग बेंच सीट. टिंकरिंग (पत्र्याचं काम) आणि रंग झालाय, आतला पत्रा उघडाच आहे. ३ मिमीची काळी रेघांची रबर शीट आणली आहे. मधल्या टनेलवर (फ्लोअरच्या मधला लांबट उंचवटा) ती चुण्या धरते आणि पेडलखाली उचलली जाते. खाली नमदा (जाड फेल्टचा थर) घालून पूर्ण चिकटवावी, असं कुशनवाल्याचं म्हणणं आहे. गाडी पावसातही चालणार आहे.

उत्तर १ (गॅरेजकट्टा)
नमदा नको, निदान पुढच्या दोन पायखणांत (पाय ठेवायच्या खोलगट जागांत) तरी नकोच. नमदा पाणी पितो, वर रबर असल्यामुळे ते वाळत नाही आणि पत्रा वरून चकचकीत असतानाच खालून कुजतो. पद्मिनीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, फ्लोअर हाच बॉडीच्या ताकदीचा भाग आहे. तो गेला की नुसता ठिगळ मारून भागत नाही.

मॅटच्या आधी पाण्याची परीक्षा घ्या. कोरड्या फ्लोअरवर खडूची पूड भुरभुरवा, एकाला आत बसवा आणि बाहेरून पुढच्या काचेच्या रबरावर पाईपने दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा. ओघळ कुठून येतो ते पुडीत स्पष्ट दिसतं. बहुतेक वेळा काचेच्या रबराचे खालचे कोपरे किंवा फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायरिंग येते तिथलं ग्रोमेट (भोकातली रबरी कडी) दोषी निघतं. वेल्डिंगच्या सगळ्या जोडांवर सीलंट, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि रंग. फ्लोअरच्या भोकांतली रबरी बुचं नवी घाला.

आवाजासाठी २ मिमीची बिटुमेन (डांबरी) शीट सपाट भागाच्या मधोमध लावा. सगळा पत्रा झाकायची गरज नाही, तिसरा हिस्सा झाकला तरी कंप बराच बसतो. त्यावर ५ मिमीचा बंद छिद्रांचा फोम, म्हणजे पाणी न शोषणारा. तो पायखणात सुटाच ठेवा, उचलून वाळवता आला पाहिजे.

उत्तर २ (कटिंगमास्टर)
चुण्या पडतात कारण सपाट शीट दोन दिशांनी वळणाऱ्या उंचवट्यावर एकसंध बसूच शकत नाही. तुकडे करा: टनेलची पट्टी वेगळी, डावी-उजवी पायखण वेगळी, मागचा भाग वेगळा. टनेलची पट्टी आधी चिकटवा, बाजूच्या मॅट तिच्यावर ३-४ सेंमी चढू द्या. तुमचा गिअर स्टिअरिंगवर असल्यामुळे टनेलवर लिव्हरचं भोक कापायचं नाही, हे मोठं सुख.

रबरावर थेट मापं घेऊ नका. सीट काढा, जाड ब्राऊन पेपरचा खाका कापा, सीटच्या बोल्टांच्या जागा त्यावर टोचा. खाका उलटा करून शीटच्या पाठीवर खडूने आखा, २ सेंमी जास्त ठेवून कापा आणि गाडीत बसवूनच छाटा. शीट तासभर उन्हात पसरली की नरम होते, थंडीत कापलेली नंतर हलते. बोल्टची भोकं पंचने पाडा, ब्लेडने पाडलेलं भोक फाटत जातं.

सोल्यूशन (फेविकॉल एसआर ९९८ चालेल) फक्त टनेलला आणि कडांना. दोन्ही बाजूंना पातळ हात मारा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. ओलं असतानाच चिकटवलं तर आत वाफ कोंडून फुगे येतात. दारं उघडी ठेवा, जवळ पेटती वस्तू नको. उंबऱ्याची कड ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली जाते, तिथे सोल्यूशन लागतच नाही.

उत्तर ३ (कार्ब्युरेटर)
पेडलचं कोणी बोललं नाही, आणि धोका तिथेच आहे. इंजिन बंद ठेवून एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, दुसऱ्याने बोनेट उघडून कार्ब्युरेटरचा थ्रॉटल पूर्ण उघडतो का आणि पाय सोडताच परत बंद होतो का ते बघायचं. पूर्ण उघडत नसेल तर पेडलखालचा फोम कापून टाका, तिथे फक्त रबर राहू दे. क्लच तळापर्यंत गेला नाही तर गिअर टाकताना खरखर येते आणि लोक उगाच क्लचप्लेट बदलतात. या मॅटवर बाजारातली सुटी मॅट टाकू नका, ती सरकून ब्रेकखाली अडकते.

पद्मिनी८३
कळलं. मागच्या सीटखालीही फोम चालेल का?

गॅरेजकट्टा
चालेल, तिथे बिटुमेनही भरपूर लावा. डिफरन्शिअलचा (मागच्या ॲक्सलवरच्या गिअरांच्या डब्याचा) आवाज तिथूनच आत येतो. फक्त बोल्टच्या भोकांभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बोल्ट आवळताना फोम दबतो आणि सीट डगडगते.