सातवीच्या मुलासाठी अकरावीतली मुलगी शिकवणीला ठेवावी का?

प्रश्न : आमचा मुलगा सातवीत असून अपूर्णांक आणि बैजिक राशी आल्या की अडखळतो. आमच्याच सोसायटीतील, अकरावी विज्ञान शाखेत शिकणारी सोळा वर्षांची मुलगी त्याला शिकवायला तयार आहे. इतक्या लहान मुलीला मोबदला देऊन कामाला ठेवणे कायद्याला धरून आहे का?

उत्तर १ : २०१६च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्यात चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई आहे, तर चौदा ते अठरा या वयोगटासाठी बंदी धोकादायक कामांपुरती आहे, त्यामुळे शिकवणीला आडकाठी नाही. मात्र १८७२च्या करार कायद्यानुसार अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) व्यक्ती करार करण्यास पात्र नसते, म्हणून शुल्क, वेळ आणि सुट्ट्या तिच्या आईवडिलांशी बोलूनच ठरवा.

उत्तर २ : मी गणित शिकवते. स्वतःला गणित येणे आणि दुसऱ्याचे कुठे चुकते हे ओळखणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश याचे उत्तर एखादा मुलगा दोन पंचमांश का लिहीत असेल, हे तिला विचारून पाहा. अंश-अंश आणि छेद-छेद यांची बेरीज झाली आहे, हे तिने ओळखले तर निर्धास्तपणे ठेवा.

उत्तर ३ : घरात मोठे माणूस असतानाच शिकवणी घ्यावी. ती बारावीत गेल्यावर फेब्रुवारीतील बोर्डाच्या परीक्षेमुळे मोकळी नसेल, हेही लक्षात घ्या. आणि शेजारची मुलगी म्हणून खाऊच्या पैशांवर बोळवण मात्र करू नका!