जुन्या चौकटी, वाकडी मापं : आतली दारं रेडीमेड बसतील का?

चिरेबंदी_राजापूर
नमस्कार मंडळी. राजापूरपासून थोडं आत आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, वर मंगलोरी कौलं. बाबा आता कायमचे तिथे राहायला गेलेत, म्हणून आतली दारं बदलायला काढली. झडपा खालून वाळवीने खाल्ल्यात. चौकटी मात्र ठणठणीत, स्क्रू-ड्रायव्हरचं टोकसुद्धा घुसत नाही.

गोची मापांची आहे. माजघरातून स्वयंपाकघरात जायच्या दाराची उंची डाव्या अंगाला 68 इंच, उजव्या अंगाला साडेसदुसष्ट. रुंदी वर 33, खाली सव्वातेहेतीस. बाळंतिणीच्या खोलीचं दार तर 27 इंचीच. गुण्या लावला तर एकाही चौकटीत काटकोन सापडत नाही. दुकानदार म्हणतो, 78 बाय 36 चा फ्लश डोअर (दोन्ही बाजूंनी सपाट, प्लायचं तयार दार) घ्या, कापून देतो. सुतार म्हणतो, चौकटीच उखडू, वर भिंत फोडू आणि 7 फुटी दार करू, "डोकं तरी आपटणार नाही". चुलतभावाचं मत पीव्हीसी. त्याला सगळ्यालाच पीव्हीसी लागतं.

जुन्या झडपांचा मला मोह नाही, पण भिंतीला हात लावायचा नाही. आणि उंबरा 4 इंच उंच आहे, बाबांचे गुडघे दुखतात. तो कापला तर चालेल का?

पाटील_कोल्हापूर
सुताराला आधी थांबवा! चौकटीच्या माथ्यावर भिंतीच्या पूर्ण जाडीत आडव्या फळ्या किंवा तुळई टाकलीय का ते बघा. असली तरी तिची टोकं दोन्ही बाजूंना भिंतीत किती गेलीत ते बघा. काही घरांत वरच्या चिऱ्यांचं ओझं चौकटीवरच उतरलेलं असतं. मातीत बांधलेली भिंत असेल तर टेकू न लावता चौकट काढली की वरचे दोन-चार चिरे खाली आलेच म्हणून समजा. डोकं वाकवून जायची सवय होते.

रंधा_पटाशी
दादा, तुम्ही लिहिलंत त्यावरून जुनी दारं दोन झडपांची असणार. मग रेडीमेड एकपाखी दार आणायच्या आधी एक बघा. ते उघडल्यावर जाणार कुठे? दीड फुटी भिंतीत चौकट एका अंगाला बसवलेली असते आणि साडेसोळा इंची झडपा भिंतीच्या जाडीत गपचूप जाऊन बसतात. तिथे 33 इंची एकच फळी लावलीत तर ती 15 इंच खोलीत येणार. स्वयंपाकघरात तिथे नेमकं कपाट नाहीतर पाण्याचा पिंप असतो.

म्हणून माझं मत, दोन झडपाच करा. वाकड्या चौकटीला त्याच सोयीच्या पडतात. एकाच दाराला सगळा तिरपेपणा एका कडेवर काढावा लागतो आणि ते डोळ्याला दिसतं. दोन झडपांत तो अर्धा-अर्धा वाटला जातो, वर मधल्या जोडावर पट्टी येते. पाव इंचाचा फरक त्या पट्टीखाली कुणाला दिसत नाही.

मापं टेपने घेऊन सुताराला फोनवर सांगू नका. जाड पुठ्ठा किंवा 4 एमएमची प्लाय चौकटीच्या खाचेत (दार मिटल्यावर जिथे बसतं तिथे) धरा, पेन्सिलने कड मारून घ्या, वर-खाली, डावं-उजवं लिहा. दार त्या फर्म्यावरून कापायचं. खाचेची खोलीही मोजा. जुन्या खाचा बहुतेक इंचभर फळीसाठी असतात, फ्लश डोअर 30 किंवा 35 एमएमचा येतो, म्हणजे तो चौकटीबाहेर डोकावणार.

78 चा कापून 68 करणं मला पटत नाही. फ्लश डोअरच्या आत चारी कडांना लाकडाची पट्टी असते, साधारण दोन-तीन इंचांची. त्यातून अर्धा इंच रंधून काढलं तर काही बिघडत नाही. 10 इंच कापलेत की ती पट्टीच गेली, आतला भराव उघडा पडला. नवी पट्टी चिकटवता येते, पण आत पोकळ जाळी असेल तर स्क्रू कशात धरणार? त्यापेक्षा ऑर्डर देऊन मापाचा करून घ्या.

उंबरा कापू नका. चौकटीचे दोन्ही पाय त्याने खाली बांधून ठेवलेले असतात. कापायचाच झाला तर आधी दोन्ही पायांना होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी) मारून भिंतीत पक्के करा. मी असतो तर दोन्ही बाजूंना 2 इंची लाकडी पायरी ठेवली असती आणि चौकटीला हाताशी एक उभी मूठ.

गुहागरची_सून
सागाच्या झडपा करणार असाल तर मोडलेल्या घराचा जुना साग शोधा, तो वळत नाही. आमच्याकडे न्हाणीघराला डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं) दार लावलंय. तिथे ते ठीक आहे, माजघरात मात्र मला ते उपरं दिसतं.

एप्रिल-मेमध्ये बसवलंत तर फट जास्त ठेवा, जुलैत लाकूड फुगतं. आणि पॉलिश सहाही बाजूंना हवं. झडपेची खालची कड रंगवायला सगळे विसरतात, पाणी तिथूनच चढतं. वाळवीचं औषध दारं लावण्याआधी मारून घ्या.

चिरेबंदी_राजापूर
सगळ्यांचे आभार. आत्ताच बाबांना फोन करून विचारलं : हो, दोन झडपाच आहेत, आणि दारामागे खरंच पिंप आहे. ऑर्डरचाच विचार पक्का करतोय. पण एक शंका. बाळंतिणीच्या खोलीचं दार अर्धं उघडं ठेवलं की आपोआप मिटतं. ते नव्या दारातही राहणार का?

रंधा_पटाशी
राहणार, चौकट ओळंब्यात नाही, म्हणजे सरळ उभी नाही म्हणून. चौकट सरळ करायच्या भानगडीत पडू नका, बिजागऱ्यांची रेषा सरळ करा. वरच्या बिजागरीच्या खिळ्यातून ओळंबा सोडा, खालची किती सरकलीय ते कळेल. तेवढी पुढे-मागे घ्या, किंवा चौकट दाराच्या रुंदीच्या दिशेने झुकली असेल तर एका बिजागरीमागे पातळ पत्र्याचं पॅकिंग द्या. 68 इंची झडपेला 4 इंची तीन बिजागऱ्या पुरेत. फट वर आणि बाजूला रुपयाची दोन नाणी एकत्र सहज सरकतील एवढी. फर्मा झाला की फोटो टाका इथे, खाच बघून सांगतो.