ट्रान्स्फर केस पुन्हा पुन्हा जाते, मूळ दोष कुठे शोधायचा?

चिखलवाट
पिकअप ट्रक आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, लिव्हरची पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह, ट्रान्स्फर केसमध्ये (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) चेन. पहिली ट्रान्स्फर केस गेली तशीच दुसरीही गेली. ४एचमध्ये (चारही चाकांना ताकद) जोर दिला की खाडकन आवाज येतो, चेन दात सोडते. उघडल्यावर चेन सैल, केसच्या आतल्या भिंतीवर तिचे ओरखडे आणि मागच्या शाफ्टचं बेअरिंग निळंकाळं पडलेलं. तेल निम्मंही निघालं नाही, पण गाडी उभी असते तिथे खाली थेंब नसतो. शिवाय सरळ कच्च्या रस्त्यावरून आलं तरी लिव्हर ४एचमधून २एचला (फक्त मागच्या चाकांना ताकद) येत नाही, थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतो. तिसरी केस बसवायच्या आधी काय काय तपासू?

क्राऊनपिनियन
तिसरी केस घ्यायची घाई करू नका. एकाच गाडीत केस एकसारखी जाते तेव्हा दोष बहुधा बाहेर असतो आणि नवी केस त्याच दोषावर बसते. तुमच्या वर्णनात मला दोन वेगळे आजार दिसतात. सैल चेन आणि अडकणारा लिव्हर हा एक, जळालेलं बेअरिंग हा दुसरा. मी पहिल्याबद्दल लिहितो.

पार्ट-टाइममध्ये ४एच टाकलं की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (केसपासून एक्सलकडे जाणारे दांडे) एकमेकांना पक्के जोडले जातात. दोन्हींना सारखंच फिरावं लागतं. कोरड्या डांबरावर वळताना ताण चढतो तो सगळ्याच गाड्यांत. पण सैल खडीवर सरळ जाऊनही लिव्हर अडकतो म्हणजे पुढच्या-मागच्या गतीत कायमचा फरक आहे. त्याची कारणं दोनच: दोन डिफ्रन्शिअलचा (एक्सलमधला, ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरसंच) रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेरीला शाफ्ट किती फिरतो ते, वेगळा, किंवा टायरचा घेर वेगळा.

आधी रेशो मोजा. एक्सलवर रेशो लिहिलेल्या पट्टीवर विसंबू नका, मध्ये कधी क्राऊन-पिनियन (डिफ्रन्शिअलची गिअरजोडी) किंवा अख्खा एक्सल बदलला असेल तर पट्टी जुनीच सांगते. ट्रान्स्फर केस २एचमध्ये, गिअरबॉक्स न्यूट्रलला. मागचं एक चाक उचलताना पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, कारण मागचं चाक उचललं की हँडब्रेकचा भरवसा राहत नाही. जॅकवर काम करू नका, घोडी (पक्का स्टँड) लावा आणि मगच हँडब्रेक सोडा. शाफ्टवर खडूने खूण करा. दुसरं चाक जमिनीवर असताना वरचं चाक २ फेऱ्या फिरवलं की शाफ्ट रेशोइतका फिरतो. पण ३.९० आणि ४.१० मधला फरक दोन फेऱ्यांत नीट कळत नाही. चाक २० फेऱ्या फिरवा, शाफ्ट ३९ वेळा फिरला की ४१ वेळा ते स्पष्ट दिसेल. मग ठोकळे मागच्या चाकांना लावून, हँडब्रेक ओढून, पुढे तेच करा. पुढच्या चाकांना लॉकिंग हब (चाक एक्सलला जोडणारी-सोडवणारी कळ) असतील तर ते लॉक करून. मागे लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू न देणारा डिफ्रन्शिअल) असेल तर ही रीत चालणार नाही. तिथे दोन्ही चाकं उचलून एकत्र १० फेऱ्या फिरवा, आकडा तोच येईल.

मग टायर. साइडवॉलवरचा साइज सारखा म्हणजे घेर सारखा असं नाही. हवा नेहमीची, वजन नेहमीचं ठेवून टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ मारा, गाडी सरळ ढकलत चाकाच्या १० फेऱ्या करा आणि टेपने अंतर मोजा. चारही चाकांचं. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असला तर मी सोडून देतो, एक टक्क्याच्या वर गेला तर नाही.

तेलपाणी
वरचं सगळं बरोबर, पण ‘थेंब दिसत नाही, तरी तेल निम्मं’ ही खूण जास्त बोलकी आहे. केस कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. एनव्ही (न्यू व्हेंचर) २४६, २६१, २६३ या मॉडेलच्या घराण्यातली असेल तर नेमकी जागा ठाऊक आहे. आतल्या ऑइल पंपाचं कान मागच्या मॅग्नेशियमच्या अर्ध्या भागावर घासत राहतं आणि शेवटी आरपार बारीक भोक पडतं. हे भोक वरच्या अंगाला असतं. म्हणून उभ्या गाडीखाली काही सांडत नाही, चालत्या गाडीत मात्र उडालेलं तेल तिथून बाहेर जातं. केसची मागची बाजू डिग्रीझरने धुवा, पुसून कोरडी करा, गाडी चालवून आणा आणि टॉर्च लावून पंपाच्या उंचीवर बघा. तेलाची ओलसर रेघ दिसली की निदान झालं. इपॉक्सीने बुजवू नका, आतलं घासणं थांबलेलं नसतं. मागचा भाग बदला आणि सोबत पंप धरणारी सुधारित प्लेट टाका, नाहीतर नव्या भागाचीही तीच गत होईल.

पंपाच्या पिकअप (तेल ओढणाऱ्या) नळीची ओ-रिंग आणि जाळीही बघा. ओ-रिंग कडक झाली की पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि मग लेव्हल पुरेशी असूनही बेअरिंग जळतं.

फिलर बोल्ट उघडल्यावर उलट भडाभडा तेल आलं तर ऑटोमॅटिकचं तेल सील ओलांडून केसमध्ये येतंय आणि गिअरबॉक्स रिकामा होतोय. तेलाची लेव्हल फिलर बोल्टच्या भोकाच्या कडेपर्यंत हवी, गाडी सपाट जमिनीवर. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) सांगितलेल्या केसमध्ये ‘जास्त टिकेल’ म्हणून जाड गिअर ऑइल कधीच ओतू नका. ब्रीदरची (केसमधली हवा आत-बाहेर सोडणारी) नळी फुंकून बघा. ती बुजली असेल तर गरम केस पाण्यात उतरताच सीलमधून पाणी आत ओढते आणि तेल दुधाळ होतं.

पाटे_आणि_जॉइंट
एक गोष्ट राहिली. नवी केस बसवल्यावर स्लिप योक (मागच्या शाफ्टचं केसमध्ये सरकणारं टोक) किती आत जातो ते मोजा. गाडी चाकांवर उभी असताना योक पूर्ण आत टेकायला किमान २० ते २५ मिमी शिल्लक हवेत. कमी असतील तर पाटे दबल्यावर शाफ्ट थेट केसमधल्या बेअरिंगवर आदळतो. गिअरबॉक्सचं माउंटिंग रबरही उचलून बघा. ते फाटलं असेल तर जॉइंटचा कोन बिघडतो आणि केसच्या शेपटाकडचं बुश झिजतं.

चिखलवाट
मोजलं. रेशो पुढे-मागे सारखाच, ३.७३. दहा फेऱ्यांत पुढचे दोन्ही टायर २३.६२ मीटर, मागचे २४.०६. साइज एकच, पण मागचे नवे आहेत, पुढच्यांची नक्षी बरीच झिजलेली. केस २६१ आहे, आणि धुऊन चालवल्यावर पंपाच्या जागी वर ओल दिसली. योकला २२ मिमी आहेत.

क्राऊनपिनियन
म्हणजे दोन्ही आजार आहेत. टायरचा फरक जवळजवळ १.९ टक्के, ४एचमध्ये दर किलोमीटरला साधारण १८ मीटर कुठेतरी घासून काढावे लागतात. खडीवर टायर घसरतो, पकड मिळाली की तोच ताण चेन सोसते. त्यात तेल कमी.

चारही टायर एकाच झिजेचे करा; तोवर ४एच फक्त चिखलात. मागचा भाग आणि प्लेट तेलपाणींनी सांगितल्याप्रमाणे. चेन नवी टाकाल तेव्हा दोन्ही स्प्रॉकेटही बदला, झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर सैल होते. केस उघडी असतानाच मॅग्नेट आणि पिकअपची जाळी धुवा. ५०० किमीनंतर तेल काढून मॅग्नेट बघा. करडा मऊ लेप चालेल, बोटाला टोचणारे कण आले तर तशीच चालवू नका, इथे फोटो टाका.