मदत हवी आहे: तिसरी-चौथीच्या मुलांकडून धर्मांची तुलना कशी करून घ्यावी?

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जगातले प्रमुख धर्म शिकवायचे आहेत. नुसती ओळख नव्हे, तुलनाही करून घ्यायची आहे. त्यासाठी एक तयार तक्ता मिळालाय: संस्थापक, ग्रंथ, देव, प्रार्थनास्थळ, सण. रकाने भरा आणि पाठ करा.

पहिल्याच रकान्यात गाडं अडतं. हिंदू धर्माला एक असा संस्थापक नाही. बौद्ध आणि जैन धर्म जग निर्माण करणारा देव मानत नाहीत, मग 'देव'खाली बुद्ध आणि महावीर कोंबले जातात. शिखांच्या 'ग्रंथ' रकान्यात गुरू ग्रंथ साहिब लिहून मोकळं व्हावं, तर खरी गंमतच निसटते. १७०८ पासून शीख त्याला गुरूच मानतात, म्हणून त्यावर चवरी ढाळतात, रात्री त्याला विश्रांतीच्या जागी नेतात. एकाच्या मापाने शिवलेला सदरा सगळ्यांना चढवायचा, असा हा प्रकार.

धर्मांचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी धर्माचे विधी, कथा, नीती, अनुभव असे सात पैलू मांडले होते. तक्त्यापेक्षा ते कितीतरी बरं, पण 'तत्त्वप्रणाली' वगैरे या वयाला झेपणार नाही. विधी, कथा आणि वस्तू एवढंच घ्यावं म्हणतेय.

सध्या मनात आहे ते असं: एका वेळी एकच प्रश्न घ्यायचा आणि तो तीन-चार धर्मांना विचारायचा. उदाहरणार्थ, सण दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतात? इस्लामी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते आणि सगळे ऋतू फिरते. हिंदू पंचांग अधिक महिना घालून मेळ बसवतं. ज्यू पंचांग १९ वर्षांत सात वेळा जादा महिना घालतं. ईस्टरचा रविवारही पौर्णिमेवरूनच ठरतो. चंद्र एकच, हिशोब चार! मुलं वजाबाक्या करतील, आणि 'आमचा भारी' म्हणायला फारशी जागाच नाही. दुसरा प्रश्न डोक्याचा: गुरुद्वारात डोकं झाकतात, चर्चमध्ये पुरुष टोपी काढतात, आणि दोन्हीकडे कारण आदरच.

पण यात श्रद्धेला बगल दिली जातेय का, ही शंका आहे. कॅलेंडर आणि टोप्या झाल्या, पुढे काय? मेल्यावर काय होतं, यावरची उत्तरं खरोखर वेगळी आहेत. ती या वयात काढावीत का?

आणि 'बाई, खरा धर्म कोणता?' हे कोणीतरी विचारणारच. 'ख्रिस्ती लोक मानतात की...', 'मुस्लिम मानतात की...' अशी भाषा वापरायचं ठरवलंय. पण घरी श्रद्धा असलेलं मूल म्हणेल, 'मानतात नाही, तसंच झालंय.' तिथे काय बोलता तुम्ही? वर्गात एखाद्या धर्माचं एकच मूल असेल, तर सगळ्या माना त्याच्याकडे वळतात. ते कसं टाळता? ज्यांच्या घरी कुठलाच धर्म पाळत नाहीत, त्या मुलांना चर्चेत कुठे बसवता?

'सगळे धर्म एकच शिकवतात' हा सल्ला कृपया नको. तसं असेल तर तुलना कशाला करायची? वर्गात प्रत्यक्ष घेतलेले उपक्रम, मुलांनी विचारलेले अडचणीचे प्रश्न आणि तुम्ही त्यांना दिलेली उत्तरं हवी आहेत. फसलेले प्रयोगही चालतील.