मदत हवी आहे: खाणीच्या जनसुनावणीत झऱ्याचा मुद्दा कसा मांडायचा?

वरचीवाडी:
नमस्कार मंडळी. गाव कोकणातलं, नाव मुद्दाम देत नाही. आमच्या डोंगरावर काळ्या दगडाच्या तीन खाणी येऊ घातल्या आहेत. प्रत्येक खाणपट्टा पाच हेक्टरच्या आतला, पण एकमेकांपासून पाचशे मीटरच्या आत असल्यामुळे तिन्हींचा समूह धरलाय. म्हणून जनसुनावणी लागली आहे, पुढच्या महिन्यात.

पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अहवालाचा मसुदा ग्रामपंचायतीत आलाय. जाडजूड अहवाल इंग्रजीत, मराठीत फक्त सारांश. धूळ, सुरुंगांचे हादरे, डंपरच्या फेऱ्या यांचे तक्ते आहेत, त्यांचं ठीक आहे. खरी अडचण पाण्याची. पऱ्याचा (ओढ्याचा) उल्लेख 'हंगामी नाला, कोरडा' इतकाच. पाहणी मार्च ते मे केली तर दुसरं काय दिसणार? पण पट्ट्याच्या बरोबर खाली झरा आहे, तो मे महिन्यातही चालू असतो. दोन वाड्यांचं पिण्याचं पाणी तिथूनच पाइपाने येतं. नकाशात तो झराच नाही!

उन्हाळ्यातल्या एकाच हंगामाची आकडेवारी चालते का? आणि पाचशे मीटरच्या आत एक जुनी चालू खाण आहे, ती समूहात धरलेली नाही, हे बरोबर आहे का? शिवाय अर्धं गाव मुंबईत. चाकरमान्यांना इथे येऊनच बोलावं लागेल का?

जुनाजाणता:
चालते. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखालच्या अशा प्रकल्पांना सहसा पावसाळा सोडून एका हंगामाची आकडेवारी पुरते, त्यामुळे 'एकच हंगाम का' यावर भांडण्यात वेळ घालवू नका. झरा नकाशात नाही, हे भक्कम आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये पर्यावरण मंजुरी स्थगित केली, ती मुख्यतः अर्जात परिसराची माहिती दडवल्यामुळे. (जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली आणि विमानतळ झाला, हेही लक्षात असू द्या.)

जुन्या खाणीला 15 जानेवारी 2016 पूर्वी पर्यावरण मंजुरी मिळाली असेल, तर समूहाच्या क्षेत्रात ती धरत नाहीत. पण पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात ती यायलाच हवी. आधी तिची मंजुरीची तारीख शोधा. अलीकडची असेल तर पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी 'परिवेश' पोर्टलवर सापडेल.

सुनावणीत मतदान नसतं. शंभर जण 'खाण नको' म्हणाले तरी इतिवृत्तात एकच ओळ होते. एकाने झऱ्याबद्दल नेमका प्रश्न विचारला, तर अंतिम अहवालात त्याचं उत्तर द्यावं लागतं. भाषणबाजी टाळा, प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. झऱ्याचा मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच हरकत घ्या. चित्रीकरण होतं, त्याची प्रतही मागा.

आणि जाहिरातीची तारीख तपासा. सूचनेसाठी किमान तीस दिवस द्यावे लागतात.

डोंबिवलीकर:
चाकरमान्यांनी लेखी हरकती पाठवाव्यात, तशी तरतूद आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनेत पत्ता दिलेला असतो. एकच मजकूर शंभर जणांनी पाठवू नका, कोणी वाचत नाही. आमच्याकडे तेच झालं होतं.

वरचीवाडी:
खूप आभार. जाहिरात पाहिली, तीस दिवस भरतात. झऱ्याचा पुरावा काय द्यावा? फोटो आहेत, पण फोटोला कोण विचारतो?

जुनाजाणता:
फोटोसोबत मोजमाप द्या. ठरलेली बादली किती सेकंदात भरते ते दर आठवड्याला लिहून ठेवा, ग्रामसेवकांसमोर पंचनामा करा, ग्रामसभेचा ठराव जोडा. जमल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकांना पाहणीला बोलवा. त्यांचा कागद असला की अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला 'कोरडा' म्हणता येणार नाही. तरीही मंजुरी मिळालीच तर हरित न्यायाधिकरणात अपिलाला तीस दिवस असतात. सबळ कारण दिलं तर आणखी साठ मिळू शकतात. पण तोवर थांबू नका.

वरचीवाडी:
भूजल यंत्रणेकडे अर्ज सरपंचांच्या सहीने द्यावा की पाणी समितीच्या? सरपंचांच्या चुलत्याची जमीन खाणपट्ट्यात आहे, म्हणून विचारतोय.